सासूबाईच्या भिंतीवरचा तिसरा खिळा

घ्या राजेहो, चहा घ्या, अन् पहिले कबूल करा का हसणार नाही. नाही जमत? बरं, हसा मग. पण मी आता जे सांगून राहिलो ते माह्या सासरी कोणाजवळ बोलू नका. तसं तिथं सगळ्यांले माहीतच आहे म्हणा. मीच त्यांच्यासमोर स्टुलावर उभा होतो.

माहं नाव दिलीप. प्लांटमध्ये मेल्टिंग शॉपले अठ्ठावीस वर्षं झाली. काम काय, तर वितळलेल्या पोलादासमोर उभं राहायचं, निळ्या काचेतून आत पाहायचं अन् सांगायचं का माल झाला का नाही. मीटर-बिटर आहेत सगळे, पण मी नुसत्या रंगावरून सांगतो. नवीन इंजिनिअर पोट्टे पहिले मीटरकडं पाहतात अन् मग माह्या तोंडाकडं पाहतात. आता म्हणाल, हा स्वतःची तारीफ कावून करून राहिला? तर याच तारिफेच्या जोरावर पुढं मी तोंडावर पडलो, म्हणून सांगतो.

राहतो मरोद्याले, प्लांटच्या क्वार्टरमध्ये. सासर माहं दुर्गले, पद्मनाभपूरले. सासूबाईले दोनच पोरी. मोठी शोभा मले दिली अन् धाकटी वंदना अरविंदरावाले. म्हणजे अरविंदराव माहा साडभाऊ.

साडभाऊ काय चीज असते हे ज्याले साडभाऊ आहे त्यालेच समजते. तो भाऊ नसते, दोस्त नसते. पण सासूबाई दोघांले एकाच तराजूत बसवते, अन् आपलं पारडं वर गेलं का खाली, हे जन्मभर पाहत राहा.

अन् हा अरविंदराव! रेल्वेत सिग्नलच्या कामावर, मूळचा नागपूरकडचा. माणूस वाईट असता तर मले किती सोपं झालं असतं. पण नाही. कमी बोलते, खर्रा-तंबाखू खात नाही, कोणाशी भांडत नाही. सासूबाईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. तिचं सिलिंडर लावून देते, बीपीच्या गोळ्या आणून देते. बरं, एवढ्यावर थांबावं ना माणसानं? तर हा वरून फोटो काढते.

सासूबाईच्या घरात शिरलं का समोर एक मोठी भिंत आहे. त्या भिंतीवर तीन खिळे. पहिल्या खिळ्यावर सासरे, चंदनाच्या हारात. तिसऱ्या खिळ्यावर जुनं भिंतीवरचं घड्याळ होतं, ते बंद पडलं म्हणून उतरवलं, तेव्हापासून तो रिकामा. अन् मधल्या खिळ्यावर अरविंदरावानं काढलेला फोटो. कशाचा? मरोद्याच्या तलावावरच्या पक्ष्यांचा.

आता मले सांगा, तलाव कोणाचा? माह्या घरापासून चालत दहा मिनिटं. वीस वर्षं झाली, मी रोज सकाळी तिथं फिरायले जातो. ते पक्षी म्हणजे माहे शेजारी. अन् हा माणूस दुर्गवरून स्कूटरवर येते, घंटाभर बसते, अन् माहेच पक्षी नेऊन माह्याच सासूच्या भिंतीवर लटकवते!

घरात कोणी पाहुणा आला का सासूबाई त्याले हात धरून भिंतीपाशी नेते. आमच्या अरविंदरावांनी काढला म्हणते, मरोद्याचा आहे म्हणते. पाहुणा वा वा करते. मग सासूबाईचं माह्याकडं लक्ष जाते अन् ती म्हणते, "हे तिकडंच राहतात."

बस्स. अठ्ठावीस वर्षं आगीसमोर काढली, पण या एका वाक्यानं जेवढं भाजलं तेवढं कशानं नाही. मी जळत होतो, कशाले खोटं बोलू? तो फोटो पाहिला का माह्या पोटात दुखायचं, अन् फोटो खरंच चांगला होता म्हणून जास्त दुखायचं.

मग अरविंदरावाच्या पोरीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं. सासूबाईची सगळ्यात लाडाची नात. अन् आम्ही सगळे जेवायले बसलो असताना सासूबाईनं जाहीर केलं का या रिकाम्या खिळ्यावर आता पल्लवीच्या लग्नातला फोटो लावीन. जो सगळ्यात चांगला निघेल तो. मग कोणी का काढला असेना.

कोणी का काढला असेना! हे ती माह्याकडं पाहून बोलली का नाही, देव जाणे. पण मले तसंच वाटलं. घास हातात धरून मी खिळ्याकडं पाहतच राहिलो. पोरीचा बाप लग्नात कॅमेरा घेऊन फिरणार आहे थोडाच? त्याले मांडव पाहायचा, पाहुणे पाहायचे, व्याही पाहायचे. मैदान मोकळं होतं.

आठ दिवसांत मी सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानातून कॅमेरा घेऊन आलो. मोठा, काळा, गळ्यात घालायचा. शोभानं डबा उघडून पाहिला, झाकण लावलं, अन् मले आठवण करून दिली का मोबाइलवर काढलेल्या माह्या मागच्या सगळ्या फोटोंत माहंच बोट आलं होतं. मी तिले म्हणलं, तू पाहत राह्य.

शिकलो कसा, विचारा. व्हिडिओ पाहून. एक हिंदी बोलणारा दाढीवाला होता, तो नवशिक्यांच्या चुका सांगायचा. आता आमच्या प्लांटमध्ये एक पद्धत आहे. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे रांगेत उभे राहतात अन् सेफ्टीचे नियम मोठ्यानं म्हणतात. अठ्ठावीस वर्षांत ते हाडात मुरले आहेत. म्हणून मी दाढीवाल्याच्या चुका एका जुन्या शिफ्ट रजिस्टरमध्ये उतरवल्या अन् रोज सकाळी दात घासून झाले का अंगणात उभा राहून मोठ्यानं म्हणायले लागलो. डोक्यामागं खांब येऊ देऊ नये. हातापायाची बोटं कापू नये. फोटो वाकडा धरू नये. दर फोटोनंतर स्क्रीन पाहत बसू नये, तो नवशिक्याचा पहिला गुण. कॅमेरा ऑटोवर ठेवू नये, तो पोट्ट्यांचा खेळ.

शेजारचे तेलुगू काका दोन दिवस कुंपणापाशी उभं राहून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी शोभाले हळूच विचारलं का साहेबांची तब्येत बरी आहे ना.

मग मी पद्मनाभपूरले जाऊन अरविंदरावाले सांगतलं का लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर ठेवायचा तर ठेवा, पण हळदीले नको. हळद म्हणजे घरचं काम, त्यात परका माणूस कशाले? मी आहे ना. तो म्हणे, "भाऊ, दोघंबी राहू द्या ना. तुमालेबी जरा बसायले-जेवायले मिळेल."

पाहा कसा गोड बोलते! घाबरला, दुसरं काय. मले वाटलं का यालेबी तो खिळाच दिसून राहिला. मी मोठा साडभाऊ. आवाज जरा जड केला अन् विचारलं का माह्यावर भरवसा नाही का तुमचा? झालं. त्यानं तिथंच माह्यासमोर फोन लावून हळदीचा फोटोग्राफर रद्द केला. पल्लवी दारात उभी होती. इकडच्या पोरांच्या बोलण्यात अर्धी हिंदीच. तिनं बापाकडं पाहिलं, मग माह्याकडं पाहिलं अन् म्हणाली, "मौसाजी, बस अच्छे निकालना. हळद एकदाच लागते."

मी म्हणलं, बेटा, तू चिंता नको करू.

आता या किश्श्याचा गाभा आला, नीट ऐका. हळदीच्या आदल्या दिवशी मी कॅमेऱ्यातलं सगळं ऑटो काढून टाकत होतो, नियमाप्रमाणं. सगळं काढलं, अन् शेवटी एका ठिकाणी आकडा मांगायले लागला. अडीच हजारापासून दहा हजारापर्यंत. खाली लिहिलं होतं का रंगाची उष्णता.

राजेहो, कॅमेरा मले उष्णता विचारून राहिला होता. मले!

दाढीवाल्याचा याच्यावर एक वेगळा व्हिडिओ होता, वीस मिनिटांचा. मी तो पाहिलाच नाही. ज्यानं जन्मभर भट्टीचा रंग पाहून उष्णता सांगतली, तो काय त्या दाढीवाल्याकडून शिकेल? आमच्याकडं कच्च्या पोट्ट्यालेबी ठाऊक असते का लोखंड कमी तापलं का लालसर-पिवळं दिसते, वाढवलं का पिवळं फिकं पडते, आणखी वाढवलं का पांढरं. आग जेवढी जास्त, पिवळेपणा तेवढा कमी. अन् हळदीत आपल्याले काय पाहिजे? पिवळा. म्हणजे उष्णता कमीत कमी. सरळ हिशोब आहे. मी आकडा ओढून पार खाली नेला, अडीच हजारावर बसवला, अन् शोभाले सांगतलं का उद्या अशी हळद दिसेल, अशी पिवळीधम्मक दिसेल का लोकं बोट लावून पाहतील.

हळदीची सकाळ तर अशी निघाली का काय सांगू. थंडीचं कोवळं ऊन, अंगणात पिवळा मांडव, झेंडूच्या माळा, पाटावर पल्लवी पिवळ्या साडीत. मी गेल्या गेल्या सगळ्यांसमोर खिशातून काळी चिकटपट्टी काढली अन् कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पूर्ण चिकटवून टाकली.

अरविंदरावानं विचारलं, हे कशाले? मी त्याले समजावलं का नवशिके दर फोटोनंतर मान खाली घालतात, अन् तेवढ्यात खरा फोटो निघून जाते. तो म्हणे, "भाऊ, पहिला एक तरी पाहून घ्या. मग लावा पट्टी."

मी नुसता हसलो. जाणकार माणूस हसते ना, तसा. डोळा लावायच्या बारीक भिंगातून पाहिलं तर सगळं पिवळंच दिसत होतं. ते भिंग म्हणजे साधी काच, त्यातून डोळ्याले जे दिसते तेच दिसणार, हे मले मागाहून समजलं.

अन् मग मी काय फोटो काढले! जमिनीवर झोपून काढले, खुर्चीवर चढून काढले. वंदनानं पहिलं आंब्याचं पान हळदीत बुडवून पोरीच्या पायाले लावलं, ते काढलं. एका काकूले मी तीनदा हळद लावायले लावली, कारण पहिल्या दोन वेळा तिची बोटं कापली जात होती. फोटोत, फोटोत.

मग सासूबाई आली. आमची सासूबाई फोटोत कधी हसत नाही, आधारकार्डावर असते तसंच तोंड करते. तिनं पल्लवीच्या गालाले हळद लावली, अन् त्या पोट्टीनं काय केलं, ताटलीतली मूठभर हळद उचलून आजीच्याच गालावर फासली. अन् मग सासूबाई हसली. असं हसली का डोळे मिटले, दातांची कवळी पुढं आली, अन् दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी खटाखट बटण दाबत राहिलो. अरविंदराव माह्या खांद्यामागंच मोबाइल धरून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याले म्हणलं, जरा हटा, उजेड अडवून राहिले.

पोरीचा बाप होता तो, राजेहो. तिच्याच हळदीत मी त्याले हटा म्हणलं. आठवलं का आताबी मान खाली जाते.

दुपारी जेवणं झाली. चाळीसेक माणसं सतरंजीवर बसली. मीच म्हणलं, चला, टीव्हीवर लावतो फोटो. कोणी मांगतलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिला फोटो आला. पल्लवी निळी.

एकदम निळी. तोंड निळं, हात निळे, दात निळे. दुसरा फोटो, वंदना निळी. तिसऱ्यात सगळं खानदान निळं. अन् हळद? हळदीचा रंग सांगतो, चुलीतल्या राखेसारखा. पोरीले राख फासून राहिले होते आम्ही, हसत हसत, पाच सवाष्णी मिळून.

मागं बसलेल्या एका आजीनं शेजारणीले विचारलं का पोरीले थंडी वाजली का. मी म्हणलं, टीव्ही बिघडला आहे. अरविंदरावानं एक मिनिट बातम्या लावल्या. बातम्या सांगणारी बाई चांगली गुलाबी होती. त्यानं परत फोटो लावले. मी म्हणलं, पुढचे बरे असतील. पुढचे तीस पाहिले, तीसही निळे. मग त्यानंच टीव्ही बंद केला.

पल्लवी माह्याजवळ आली. मले वाटलं का आता ही ओरडेल, अन् ओरडायलेच पाहिजे होतं. ती म्हणाली, "मौसाजी, सगळे असेच आहेत?"

मी मान हलवली.

"कोई बात नहीं," ती म्हणाली, अन् आत गेली. आत गेल्यावर दार लावून घेतलं. शोभा तिच्या मागं गेली, अन् जाता जाता माह्याकडं असं पाहिलं का त्यापुढं भट्टी परवडली.

संध्याकाळी अरविंदराव माह्याजवळ येऊन बसला. मले वाटलं, आता बोलेल. त्यानं मले समजावून सांगतलं, अन् तेबी असं, जसं काही चूक कॅमेऱ्याची होती. "भाऊ, तुम्ही भट्टीचं म्हणता ते बरोबर आहे. पण तो आकडा तुम्ही कॅमेऱ्याले सांगत असता का बाबा, समोरचा उजेड इतका पिवळा आहे. तो मग पिवळा मारायसाठी निळा घालते. वहिनी पांढऱ्या कपड्याले नीळ देते ना, तसं."

म्हणजे पाहा. चांगल्या पिवळ्या सकाळीले मी पिवळेपणाची तक्रार केली, अन् कॅमेऱ्यानं इमानदारीनं सहाशे फोटोंले नीळ देऊन टाकली.

त्यानं विचारलं, "कॅमेऱ्यातलं कार्ड मी ठेवू का?" मी देऊन टाकलं. मले ते डोळ्यासमोर नको होतं. कॅमेराबी कपाटावर फेकला. उरलेले फोटो काही मी पाहिले नाही, अन् अंगणातले नियमबी बंद झाले. तेलुगू काकांनी शोभाले सांगतलं का आता साहेबांची तब्येत सुधारलेली दिसते.

संपला किस्सा, असं वाटलं ना? मलेबी वाटलं होतं.

महिनाभरानं पल्लवी अन् तिचा नवरा पहिल्यांदा माहेरी येणार होते. सासूबाईनं सगळ्यांले जेवायले बोलावलं, पाटवडीचा रस्सा केला. आम्ही जरा लवकर पोहोचलो, पल्लवी अजून यायची होती. मी चपला काढून आत पाय टाकला, अन् समोर भिंत.

तिसऱ्या खिळ्यावर फोटो.

मोठी फ्रेम. काळा-पांढरा फोटो. सासूबाई अन् पल्लवी एकमेकींच्या गळ्यात, गालाले हळद, सासूबाईचे डोळे मिटलेले, तोंडभर हसू. तोच क्षण! मी तिथंच होतो, अन् माह्या खांद्यामागं मोबाइल धरून अरविंदराव होता. माह्याच खांद्यावरून नेम धरून यानं माहाच खिळा नेला! पक्षी नेले ते नेले, आता खिळाबी.

मी विचारलं, हे कधी? सासूबाई खूश होऊन म्हणाली का अरविंदरावांनी आणला, आजच सकाळी लावला. अरविंदराव कोपऱ्यात उभा राहून गालात हसून राहिला होता. मले तर ते हसूच टोचलं.

राजेहो, खरं सांगतो, फोटो इतका सुंदर होता का माही नजर हटेना. अन् तिथंच माही जीभ सुटली.

मी हात मागं बांधले, फ्रेमजवळ गेलो अन् मान वाकडी केली. म्हणलं, छान आहे, पण आई, यात चुका बम आहेत, एक नाही, चार-चार. अरविंदराव म्हणे, "भाऊ, जरा थांबा, पल्लवीले येऊ द्या."

मी म्हणलं, थांबा कावून? चूक ही वेळेवर सांगतलेली बरी. अन् जे रजिस्टर मी महिनाभर बंद ठेवलं होतं ना, ते माह्या तोंडून आपोआप उघडलं. हे पाहा, मांडवाचा खांब आईच्या डोक्यातून निघून राहिला, जसं शिंग फुटलं. हे पाहा, पल्लवीचं कोपर कापलं. फोटो वाकडा आहे, डावीकडं कललेला आहे, दोघी घसरून पडतील असं वाटते. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, हळदीचा फोटो काळा-पांढरा करते का कोणी? हळदीचा जीव रंगात असते. ज्याले रंग सांभाळता आला नाही त्याचं हे काम आहे.

हे शेवटचं वाक्य मी बोललो. माह्या तोंडानं बोललो.

अरविंदरावानं पुन्हा "भाऊ" म्हणून हात वर केला. मी त्याले बोलूच दिलं नाही. म्हणलं, वाईट वाटून घेऊ नका अरविंदराव, नवशिक्याकडून होतात अशा चुका.

सासूबाई चष्मा लावून फ्रेमजवळ आली. बराच वेळ पाहत राहिली. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं, अन् मले आत कुठंतरी गार गार वाटलं, हेबी सांगून टाकतो. ती म्हणाली का खरंच की, हा खांब मले पहिले दिसलाच नव्हता. तुम्ही शिकून आले आहा, तुमाले समजते. पाहुण्यांसमोर असं चुकीचं कशाले ठेवायचं? उतरवून टाका.

स्टूल मीच आणलं. अरविंदरावानं ते दोन्ही हातांनी धरलं, मी पडू नये म्हणून. मी वर चढलो, फ्रेम खिळ्यावरून काढली. खालून त्याचा हळू आवाज आला, "भाऊ, मागं पाहा."

मले वाटलं, दारातून कोणी आलं. मी दाराकडं वळून पाहिलं, कोणी नव्हतं. तो म्हणे, "फ्रेमच्या मागं."

मी फ्रेम उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर त्याच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: पल्लवीची हळद. फोटो काढणारे, दिलीपभाऊ, मरोदा.

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

मी खाली पाहिलं. तो तसाच स्टूल धरून उभा. म्हणाला, "सहाशेच्या सहाशे पाहिले भाऊ. हा एक सापडला. माह्या मोबाइलमध्ये तर तुमची पाठच आली होती. यातला रंग काढून टाकला, तर खाली फोटो चांगलाच होता. पल्लवी आली का सगळ्यांसमोर सांगणार होतो."

अन् तेवढ्यात नवऱ्याले घेऊन पल्लवी दारात आली. मी स्टुलावर, हातात फ्रेम. ती म्हणाली, "मौसाजी, तुमचाच फोटो तुम्ही कावून उतरवून राहिले? कल पापा ने भेजा था, मी तर रडलेच पाहून."

पूर्ण खोली माह्याकडं पाहत होती. शोभानं पदर तोंडाले लावला. ती हसून राहिली होती का रडून, मले आजपर्यंत समजलं नाही, अन् मी विचारलंही नाही.

मी लगेच सावरायले गेलो. म्हणलं, आई, तसं पाहिलं तर खांब काही एवढा वाईट नाही. मांडव आहे तर खांब असणारच. कोपरबी थोडंसंच कापलं आहे. अन् काळ्या-पांढऱ्यात एक वेगळीच मजा असते, मोठे मोठे लोकं काढतात. असं बोलता बोलता मी फ्रेम परत खिळ्यावर अडकवायले हात वर केला.

सासूबाईनं माहा हात धरला. रागानं नाही, मायेनंच धरला. म्हणाली, "नाही जावईबापू, राहू द्या आता. फोटो गोड आहे, पण तुम्ही सांगतलं अन् मले आता तो खांबच दिसून राहिला."

मी खाली उतरलो. पाटवडी कशी झाली होती, मले विचारू नका.

तो फोटो आता माह्याच घरी आहे, मरोद्याले, टीव्हीच्या वर. पल्लवी आली का त्याच्यासमोर उभी राहते. कोणी पाहुणा आला का शोभा त्याले हात धरून तिथं नेते अन् पूर्ण किस्सा सांगते, स्टुलापासून. अरविंदरावानं या गोष्टीवर आजपर्यंत एक शब्द काढला नाही. त्याच्या या चांगुलपणावर मी अजूनबी जळतो, ते काही सुटलं नाही.

अन् सासूबाईच्या त्या तिसऱ्या खिळ्यावर आता किराणा दुकानाचं कॅलेंडर लटकते. ते चांगलं बोटभर वाकडं लागलं आहे. मी दर वेळी जातो, त्याच्यासमोर बसतो, चहा पितो, अन् काही बोलत नाही.